बीम अँटेनाचा सांधा

महूच्या छावणीची ओळख मराठी माणसाला करून द्यावी लागत नाही. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म इथला. इंदूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बाजारात मराठी कानावर पडतं. आम्हा सिग्नल्सवाल्यांचं तर हे गुरुकुलच. पण या गावाची एक ओळख फौजेतही फार थोड्यांना ठाऊक आहे. १५ मे १९४८ रोजी इथल्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये देशभरातल्या हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे 'हॅम' मंडळींची, पहिली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. आजची अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ती हीच. तेव्हा देशात परवानाधारक हॅम सारे मिळून पन्नासच्या आसपास होते.

हॅमचं घर ओळखायची खूण म्हणजे गच्चीवरची अँटेना. एका आडव्या दांड्यावर काटकोनात बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या, माशाच्या सांगाड्यासारख्या. तिला बीम म्हणतात, कारण ती रेडिओलहरी बॅटरीच्या झोतासारख्या एका दिशेला फेकते. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर त्या नळ्यांवर जाते. माझी नजर जाते ती जमिनीवरून वर चढणारी केबल जिथे त्या नळ्यांना भिडते त्या वीतभर जागेकडे. तिला फीड पॉइंट म्हणतात. शंभर वर्षांत बीमच्या नळ्यांची मांडणी मुळात फारशी बदलली नाही. तो सांधा मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेला, आणि का बदलला हे पाहिलं की त्या त्या काळात बाजारात कोणती तार मिळत होती, युद्ध कुठे चाललं होतं आणि कारागिराच्या हातात काय होतं, हे सगळं समजतं. आजचा लेख त्या सांध्याचा इतिहास आहे.

सेंदाई, १९२६

जपानच्या सेंदाई शहरात तोहोकू इम्पीरियल युनिव्हर्सिटीत हिदेत्सुगू यागी हे प्राध्यापक होते आणि शिंतारो उदा त्यांच्या हाताखाली काम करत. उदांनी १९२६ पासून जपानी भाषेत एकामागून एक निबंध प्रसिद्ध केले. कल्पना साधी होती. एका नळीला वीज द्यायची. तिच्या मागे थोडी लांब आणि पुढे थोड्या आखूड नळ्या नुसत्या उभ्या करायच्या, त्यांना तार जोडायचीच नाही. मधल्या नळीच्या लहरींनी बाकीच्या नळ्यांत प्रवाह आपोआप उठतो. मागची नळी आरशासारखी लहर परतवते, पुढच्या नळ्या तिला वाट दाखवतात. एकच नळी प्रत्यक्ष चालवायची, बाकीच्या तिच्या जिवावर.

यागींनी १९२८ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात हा विषय इंग्रजीतून मांडला आणि जगाने नाव ठेवलं 'यागी अँटेना'. पेटंटही यागींच्याच नावावर. उदांचं नाव पुष्कळ उशिरा जोडलं गेलं. आज जाणकार 'यागी-उदा' म्हणतात, पण दुकानात मागताना कोणी म्हणत नाही. प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं नाव वरिष्ठाच्या नावामागे झाकलं जाणं हे प्रयोगशाळेत होतं तसं इतरत्रही होतं. वाचकांतल्या निवृत्त सुभेदारसाहेबांना अधिक सांगायला नको.

जपानी सैन्याने मात्र घरच्या या शोधाची कदर केली नाही. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं. आपल्या हजारो जवानांच्या आयुष्याला कलाटणी देणारा तो दिवस. त्यानंतर जपान्यांच्या हाती ब्रिटिश रडारची टिपणं लागली, न्यूमन नावाच्या एका तंत्रज्ञाच्या हातची. त्यात 'यागी' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि त्याचा अर्थ कुणाला लागेना. शेवटी त्या युद्धकैद्यालाच विचारलं. त्याला वाटलं, हे आपली थट्टा करताहेत. मग त्याने सांगितलं की हे तुमच्याच एका प्राध्यापकाचं नाव आहे. पुढे १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बना जमिनीपासून ठरावीक उंचीवर फुटवणारी जी छोटी रडार यंत्रं होती, त्यांच्या अँटेनाही यागीच होत्या.

ही कथा अनेकांनी ऐकली असेल. तिच्यात न येणारी गोष्ट अशी की यागी-उदांची नळ्यांची मांडणी हातात आली तरी काम अर्धंच होतं. ट्रान्समीटरची शक्ती त्या मधल्या नळीत उतरवायची कशी, हा प्रश्न प्रत्येकाला आपापल्या गच्चीवर सोडवावा लागला.

दोरखंड आणि सुतळी

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, एक दोरी पुरेल.

जाड दोरखंडाला पुढे बारीक सुतळी बांधा आणि दोरखंडाला झटका द्या. लाट पळत जाईल, पण गाठीपाशी तिचे दोन भाग होतील. काही भाग सुतळीत जाईल, काही गाठीवरून मागे फिरेल. दोन्हीकडे एकाच जाडीची दोरी असेल तर लाट गाठ आहे हे विसरून पुढे जाते. रेडिओलहरींचंही तेच. केबलची जी 'जाडी' तिला इम्पीडन्स म्हणतात आणि ती ओहममध्ये मोजतात. हा शब्द १८८६ मध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी रूढ केला. हा गृहस्थ तारखात्यातला जुना ऑपरेटर, कॉलेजचं तोंड न पाहिलेला, म्हणजे आमच्याच बिरादरीतला.

मोकळ्या हवेत ताणलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या, मधोमध तोडलेल्या तारेचा, म्हणजे डायपोलचा, इम्पीडन्स सुमारे ७३ ओहम असतो. पण तिच्याजवळ यागीच्या दुसऱ्या नळ्या आणल्या की तो घसरतो. पंचवीस, वीस, कधी त्याहूनही खाली. खालून येणारी केबल पन्नास ओहमची आणि वरची अँटेना पंचवीसची असेल, तर दोहोंचं प्रमाण दोनास एक. याला एसडब्ल्यूआर म्हणतात. दोनास एक असताना सांध्यावरून सुमारे ११ टक्के शक्ती मागे फिरते, तीनास एक असताना २५ टक्के. दोन असमान दोऱ्यांच्या मध्ये असं काही बांधायचं की लाटेला गाठ जाणवू नये, एवढंच काम. इंग्रजीत मॅचिंग म्हणतात, आपण जुळणी म्हणू.

दोन तारांचा जमाना

१९२०-३० च्या दशकांत हॅमकडे आजच्यासारखी काळी गोल केबल नव्हती. दोन उघड्या तारा समांतर ताणायच्या आणि त्या सारख्या अंतरावर राहाव्यात म्हणून मध्ये मध्ये चिनी मातीचे तुकडे किंवा मेणात उकळलेल्या लाकडी काड्या बसवायच्या. अशा जोडतारेचा इम्पीडन्स सुमारे ६०० ओहम. अँटेना ७३ ची. प्रमाण आठास एक.

यातून सुटायच्या वाटा तेव्हाच्या लोकांनी वेगवेगळ्या काढल्या. एक वाट झेपेलिन विमानांवरून आली. आकाशातल्या त्या हायड्रोजनच्या फुग्याखाली लोंबणाऱ्या तारेला एका टोकाला शक्ती द्यावी लागे. तीच पद्धत जमिनीवर आली आणि अजूनही 'झेप' म्हणून ओळखली जाते. दुसरी वाट अमेरिकेतल्या लॉरेन विंडम या हॅमने १९२९ मध्ये लोकप्रिय केली. अँटेनाच्या तारेवर मधल्या बिंदूपासून टोकाकडे जाताना इम्पीडन्स वाढत जातो, तेव्हा मध्याऐवजी बाजूला योग्य जागा शोधून एकच तार जोडायची. तिसरी वाट डेल्टा मॅच. खालून आलेल्या दोन तारा वर जाताना हळूहळू फाकवायच्या आणि अँटेना मध्ये न तोडता तिच्यावर दोन बाजूंना टेकवायच्या. दोन तारा आणि अँटेनाचा तुकडा मिळून त्रिकोण होतो, म्हणून डेल्टा.

चौथी वाट मला सर्वांत देखणी वाटते. दोन असमान दोऱ्यांच्या मध्ये पाव तरंगलांबीची तिसरी दोरी घालायची. तिची जाडी दोघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतकी हवी. ७३ गुणिले ६०० चं वर्गमूळ सुमारे २०९. म्हणजे २०९ ओहमची समांतर जोडी पाव तरंग लांब घेतली की आठास एकचा तंटा मिटला. अमेरिकेत जॉन्सन कंपनी यासाठी अॅल्युमिनियमच्या नळ्यांची तयार जोडी 'जॉन्सन क्यू' या नावाने विकत असे. हे वर्गमूळ लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा भेटणार आहे.

१९३७: बीम लहान झाली आणि दुखणं वाढलं

तोवर बीम म्हणजे मोठ्या जागेचं काम होतं. नळ्यांत पाव तरंगलांबीइतकं अंतर ठेवावं असा समज होता. हॅमच्या लाडक्या २० मीटर पट्ट्यावर हे अंतर पाच मीटर आणि प्रत्येक नळी दहा मीटर लांब. फिरवायचं म्हटलं तर गच्चीवर पवनचक्की उभारल्यासारखंच.

१९३७ च्या जानेवारीत आरसीए कंपनीचे अभियंता जॉर्ज ब्राउन यांनी गणिताने दाखवलं की नळ्या याहून पुष्कळ जवळ आणल्या, अगदी तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्यावर, तरी झोत उत्तम मिळतो. जॉन क्राउस नावाच्या तरुण हॅमने ते वाचून त्याच वर्षी जवळ जवळ बसवलेल्या तारांची बीम प्रसिद्ध केली. त्यांच्या कॉलसाइनवरून ती 'डब्ल्यू ८ जेके' म्हणून जगभर गेली. हेच क्राउस पुढे अँटेनाशास्त्रातले मोठे प्राध्यापक झाले.

बीम आटोपशीर झाली, एका खांबावर फिरू लागली. पण नळ्या जवळ आल्या की फीड पॉइंटचा इम्पीडन्स दहा-वीस ओहमवर येतो. याचा त्रास आकड्यांत पाहा. शंभर वॅट शक्ती ७३ ओहममध्ये घालायला सुमारे १.२ अँपिअर प्रवाह लागतो. १० ओहममध्ये सुमारे ३.२ अँपिअर. आता नळ्यांचे जोड आणि गंजलेले स्क्रू मिळून एक ओहम रोध आहे असं धरा. पहिल्या अँटेनात त्यापायी दीड टक्का शक्तीही जात नाही. दुसऱ्यात नऊ टक्के नुसती उष्णता होते. म्हणजे जवळची बीम हवी असेल तर सांधा दुप्पट जपायला हवा.

१९४० मध्ये क्राउस यांनीच एका सहकाऱ्याबरोबर 'टी मॅच' मांडला. अँटेनाची नळी मध्ये तोडायचीच नाही. तिच्या खाली समांतर दोन सळ्या धरायच्या, मध्यापासून डावीउजवीकडे नेऊन पट्टीने नळीला जोडायच्या. पट्टी बाहेर सरकवाल तसा इम्पीडन्स वाढतो, आत आणाल तसा कमी होतो. पाना घेऊन शिडीवर चढलेल्या माणसाला सरकवून जुळवता येईल अशी सोय प्रथमच हाती आली. पण टी मॅचला दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणजे जोडतार, लागे. आणि जोडतारेची एक खोड होती. बीम फिरवली की ती खांबाभोवती पिळत जाई आणि दोन तारा एकमेकींना चिकटत.

युद्धाने दिलेली केबल

एक तार मध्ये आणि तिच्याभोवती जाळीचं वेष्टन, अशा को-ॲक्सियल केबलची कल्पना जुनी. हेविसाइड यांनी १८८० मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. अडचण होती ती मध्ये भरायच्या पदार्थाची. रबर उच्च फ्रिक्वेन्सीची शक्ती गिळतं. १९३३ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत पॉलिथिन हाती लागलं. आज ज्याच्या पिशव्यांनी आपली गटारं तुंबतात त्याच पॉलिथिनचा पहिला मोठा उपयोग युद्धातल्या रडारच्या केबलींत झाला. विमानात, जहाजात, ट्रकमध्ये कुठूनही वाकवून न्या, ओलं होवो, लोखंडाला चिकटो, तिला फरक पडत नाही.

आपण सगळे जी पन्नास ओहमची केबल वापरतो तो आकडाही तडजोडीचा आहे. हवा भरलेल्या केबलीत सर्वांत जास्त शक्ती सुमारे ३० ओहमला झेपते आणि सर्वांत कमी गळती सुमारे ७७ ओहमला होते. पन्नास मधला.

१९४५ नंतर ही केबल युद्धसाहित्याच्या लिलावांत आली. रिसीव्हर, ट्रान्समीटर, केबलीची भेंडोळी, सगळं भंगाराच्या भावात. हॅमच्या एका अख्ख्या पिढीने आपली स्टेशनं या मालावर उभी केली. केबल स्वस्त, खांबाभोवती गुंडाळली तरी बिघडत नाही, मग बीम हवी तशी फिरवा. पण तिचा इम्पीडन्स पन्नास किंवा सत्तर, आणि ती एकांगी: एक बाजू आतली तार, दुसरी बाजू जमिनीला जोडलेली जाळी. दोन बाजू सारख्या मागणाऱ्या टी मॅचला ती बसेना.

सप्टेंबर १९४९ मध्ये अमेरिकेच्या क्यूएसटी मासिकात वॉशबर्न नावाच्या हॅमने उत्तर दिलं. टी मॅचची एक बाजू काढून टाका. केबलची जाळी नळीच्या अगदी मध्यावर, जिथे विद्युतदाब शून्यच असतो, तिथे जोडा. आतली तार एका कपॅसिटरमधून खालच्या सळीला द्या आणि सळीचं टोक पट्टीने नळीला. बाजूने पाहिलं तर आकार ग्रीक गॅमा अक्षरासारखा दिसतो, म्हणून 'गॅमा मॅच'. २० मीटर पट्ट्यावर ही सळी साधारण मीटरभर लांब आणि कपॅसिटर सुमारे १४० पिकोफॅरॅडचा. सळी स्वतः थोडी कॉइलसारखी वागते, तो जादा भाग कपॅसिटर खाऊन टाकतो. पट्टी सरकवा, कपॅसिटर फिरवा, पुन्हा पट्टी. तीन-चार फेऱ्यांत मीटरचा काटा खाली येतो.

गॅमाचा खरा जोडीदार होता 'प्लंबर्स डिलाइट', म्हणजे नळकाम करणाऱ्याची मौज. नळी तोडायची नसल्यामुळे सगळ्या नळ्या मधल्या दांड्यावर थेट बोल्टने आवळता येत. इन्सुलेटर नकोत, लाकूड नको. पाइप, क्लँप आणि पाना पुरे. शिवाय अख्खी अँटेना जमिनीशी जोडलेली राहते, त्यामुळे वळिवाच्या ढगांनी साठवलेला विद्युतभार आपोआप उतरत जातो. माळव्यात मे महिन्यात संध्याकाळी ढग गडगडू लागले की या गुणाची किंमत कळते.

आपल्याकडे गॅमा सर्वांत जास्त रुजला याचं कारण तोच. साधा परवडणारा पाइप कुठल्याही शहरात मिळतो. कपॅसिटर विकत मिळाला नाही तरी हॅमने तो बनवला: गॅमाची सळी पोकळ नळीची घ्यायची आणि तिच्यात जाड केबलीची आतली तार पॉलिथिनसकट सरकवायची. नळी, तार आणि मधलं पॉलिथिन मिळून कपॅसिटर तयार. आत-बाहेर केलं की तो कमी-जास्त होतो. शत्रू एकच, पाऊस. नळीचं तोंड बंद केलं नाही तर पहिल्याच जोरदार सरीत जुळणी बिघडते. आणि अॅल्युमिनियमवर तांब्याची तार थेट आवळली तर कोकणातल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात सांधा पांढरा पडतो. मध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर किंवा कथिल चढवलेला लग हवा. हे पुस्तकात शेवटच्या ओळीत असतं, गच्चीवर मात्र पहिल्या ओळीत.

आपल्या सर्वांच्या गच्चीवरची यागी

माझ्या वयाच्या वाचकांनी यागी हाताळली आहे, नाव माहीत नसताना. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढची वीस-बावीस वर्षं महाराष्ट्राच्या गच्च्यांवर, कौलांवर माशांचे सांगाडे उगवले. एकजण वर, एकजण खिडकीत, एकजण टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही, थोडं डावीकडे." "आता? हां, तिथेच धर!" बीम अँटेनाचं दिशाज्ञान घराघरात याहून चांगलं कुणी शिकवलं नाही.

त्या अँटेनाची एक नळी आठवा. बाकीच्या सरळ, आणि एक लांबट कंगोऱ्यासारखी वळून परत आलेली. ती फोल्डेड डायपोल. ७३ ओहमचा डायपोल असा दुमडला की इम्पीडन्स चौपट होतो, सुमारे ३०० ओहम. आणि तिथून निघून खिडकीतून आत येणारी ती चपटी वायर, दोन कडांना दोन तारा आणि मध्ये प्लॅस्टिकची पट्टी, तीही ३०० ओहमची. टीव्हीच्या मागच्या दोन स्क्रूंपर्यंत दोरीची जाडी सारखी, वेगळ्या जुळणीची गरजच नाही. सांध्याची सगळी अक्कल नळीच्या आकारातच घातलेली. लाखो घरांत ज्या कुणी ती बसवली त्याला इम्पीडन्स हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं. पुढे टीव्हीला मागे गोल सॉकेट आलं, ७५ ओहमचं. तेव्हा चपट्या वायरीच्या टोकाला एक छोटीशी डबी लागू लागली, ३०० चे ७५ करणारी आणि दोन बाजूंची एक करणारी. तिला बलून म्हणतात, फुग्याशी संबंध नाही. बॅलन्स्ड-अनबॅलन्स्डचं ते लघुरूप.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, भारतात गच्च्यांवर अशी एकही अँटेना नसताना, शिंतारो उदा युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करत होते. दिल्लीत प्रायोगिक दूरदर्शन सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ ला. ज्यांचं नाव अँटेनाच्या नावातून गळलं, ते आपल्याकडे राहून शिकवून गेले होते.

मीटरचा दरारा

१९५६ मध्ये क्यूएसटीत 'मोनिमॅच' नावाचा घरी बनवता येणारा एसडब्ल्यूआर मीटर छापून आला आणि मागे फिरणारी शक्ती प्रत्येकाला डोळ्यांनी दिसू लागली. त्याचा फायदा झाला तसं एक खूळही शिरलं. काटा दीडास एकवरून सव्वास एकवर यावा म्हणून लोक रविवार रविवार शिडीवर घालवू लागले.

आरसीएमध्ये हवामान-उपग्रह टिरोसच्या अँटेनांवर काम केलेले वॉल्टर मॅक्सवेल हेही हॅम. त्यांनी १९७३ पासून लेखमाला लिहून सांगितलं की सांध्यावरून परतलेली शक्ती तिथेच नष्ट होत नाही. ट्रान्समीटरपाशी ट्यूनर नीट लावलेला असेल तर ती तिथून पुन्हा वर पाठवली जाते. नुकसान होतं ते येरझाऱ्यांत केबल जेवढं खाते तेवढंच. केबल आखूड आणि चांगली, फ्रिक्वेन्सी कमी, तर दोनास एकने काही बिघडत नाही. केबल लांब, फ्रिक्वेन्सी जास्त, तर सांधा अँटेनापाशीच जुळवावा लागतो. फील्डमध्ये वेळ कमी असतो तेव्हा हा विवेक उपयोगी पडतो: काटा किती खाली आहे यापेक्षा पलीकडच्याला ऐकू जातंय का ते आधी विचारा.

त्याआधी १९६२ मध्ये 'हेअरपिन मॅच' आला. मधली नळी तोडायची आणि किंचित आखूड ठेवायची, म्हणजे ती कपॅसिटरसारखी वागते. मग दोन टोकांवर केसातल्या आकड्यासारखी वळवलेली एक सळी जोडायची, ती कॉइलचं काम करते. दोघी मिळून वीस-पंचवीसचे पन्नास करतात. यात पाणी शिरेल असा कपॅसिटर नाही आणि दोन्ही बाजू समतोल राहतात, म्हणून झोत तिरका होत नाही. गॅमात तो थोडा होऊ शकतो. बदल्यात मधल्या नळीला इन्सुलेटर आणि सांध्यापाशी बलून लागतो. कारखान्यात बनणाऱ्या बीमनी ही पद्धत उचलली. घरी पाइप कापणारे गॅमावर राहिले.

पुन्हा तेच वर्गमूळ

५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६ ने इस्रोचा हॅमसॅट उपग्रह कक्षेत नेला, खास हॅम मंडळींसाठी. २०१४ पर्यंत तो चालला. त्याच्याशी बोलायला हातात धरायची छोटी यागी पुरे. कितीतरी कॉलेजांतल्या पोरांनी पहिली बीम बनवली ती या उपग्रहासाठी. दोन मीटर पट्ट्यावर नळी जेमतेम मीटरभर, तेव्हा गच्ची नको, शिडी नको.

तोवर संगणकावर अँटेना आधी गणिताने तपासता येऊ लागली होती. इम्पीडन्स जो येईल तो मुकाट्याने घेऊन मग जुळवत बसण्याऐवजी हवा तो इम्पीडन्स ठरवून नळ्यांची अंतरं काढता येतात. काही रचनांत तो थेट पन्नास ठेवतात आणि सांधा म्हणजे नुसती जोडणी उरते. एका जर्मन हॅमची लोकप्रिय रचना मात्र मुद्दाम २८ ओहम धरते, कारण त्या मांडणीत झोत चांगला मिळतो. आता २८ आणि ५० च्या मध्ये काय घालायचं? गुणाकार १४००, वर्गमूळ सुमारे ३७.४. ७५ ओहमच्या दोन केबली समांतर जोडल्या की होतात ३७.५.

म्हणजे १९३० च्या दशकात अॅल्युमिनियमच्या नळ्यांची जोडी जे करत होती, तेच काम आज टीव्हीच्या केबलीचे दोन तुकडे करतात. १४५ मेगाहर्ट्झला हवेतली पाव तरंगलांबी सुमारे ५२ सेंटिमीटर. घन पॉलिथिनच्या केबलीत लहर ०.६६ पट वेगाने जाते, म्हणून तुकडा ३४ सेंटिमीटरचा कापायचा. फोम भरलेली केबल असेल तर वेग ०.८२ च्या आसपास, तुकडा साडेबेचाळीसच्या जवळ. केबल घेताना जाळी तांब्याची आहे हे पाहून घ्या, अॅल्युमिनियमच्या जाळीला डाग लागत नाही. सगळा माल मोहल्ल्यातल्या केबलवाल्याच्या दुकानात मिळतो.

निवृत्त वाचकांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांनी महूला, जबलपूरला कोर्स केले आहेत, आणि काहींच्या ट्रंकेत त्या दिवसांचे कृष्णधवल फोटो असतील, मागे कुठेतरी खांब आणि अँटेना असलेले. तो फोटो काढा आणि भिंग घेऊन सांधा पाहा. खालून फाकत गेलेल्या दोन तारा दिसल्या तर डेल्टा. मधल्या नळीखाली एकाच बाजूला सळी दिसली तर गॅमा, आणि तो फोटो बहुधा १९४९ नंतरचा. वळून परत आलेली नळी दिसली तर फोल्डेड डायपोल. फोटोमागे तारीख लिहायची राहून गेली असेल, तर काळाचा निदान अंदाज सांध्यावरून नक्की बांधता येईल.

जय हिंद.